माग सुटल्याचे भान

व्हिडिओच्या पहिल्या फ्रेममध्ये एका वस्तूभोवती चौकट आखून द्यायची आणि पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये ती वस्तू कुठे आहे हे संगणकाने सांगायचे, एवढेच ‘ऑब्जेक्ट ट्रॅकिंग’चे काम. वस्तू कोणतीही असेल: मैदानावरचा चेंडू, रस्ता ओलांडणारा माणूस, दुर्बिणीने चाललेल्या शस्त्रक्रियेतले उपकरण, ड्रोनखालून धावणारी मोटार. तिच्याविषयी ट्रॅकरला आधी काहीही माहीत नसते; पहिल्या चौकटीत जे पिक्सेल सापडले तेवढीच तिची ओळख. काम ऐकायला सोपे आहे. ते किती अवघड आहे हे पाहायचे तर कबड्डीच्या सामन्याचे चित्रण घ्यावे आणि सात बचावपटूंपैकी एकावर चौकट आखावी. सातही जणांचा गणवेश एकच. चढाईपटू आत शिरताच साखळी वाकते, खेळाडू एकमेकांच्या आड जातात, कोणी पाठ फिरवतो, कोणी झेप घेतो तेव्हा चित्र पुसट होते, आणि पकड झाली की पाच-सहा शरीरांचा एकच ढीग होतो. ढीग मोकळा झाल्यावर आपला खेळाडू नेमका कोणता, हे सांगायचे आहे. प्रकाश बदलणे, आकार लहानमोठा होणे, वस्तू आड जाणे, वळणे, वाकणे, चौकटीबाहेर पडणे, पार्श्वभूमीत मिसळून जाणे अशा अडचणी या क्षेत्रात केव्हाच नोंदल्या गेल्या आहेत. २०१३ साली वू, लिम आणि यांग यांनी ५० व्हिडिओंचा जो प्रसिद्ध चाचणीसंच मांडला, त्यात अशा अकरा अडचणींची यादीच दिली होती आणि २९ ट्रॅकर त्यावर तपासले होते.

अशी यादी समोर आली की भक्कम ट्रॅकर कसा असावा याचे एक उत्तर आपोआप सुचते: अकराही अडचणींत कमीत कमी चुकणारा. बहुतेक संशोधन याच उत्तराच्या मागे गेले आहे आणि त्यातून पुष्कळ चांगले हाती लागले, हेही खरे. तरी या लेखात मला वेगळी बाजू मांडायची आहे. ट्रॅकर किती वेळा चुकतो यापेक्षा चुकल्यावर त्याचे काय होते, यावर त्याचा भक्कमपणा अधिक अवलंबून असतो. चूक झाल्याचे त्याला कळते का, कळेपर्यंत ती त्याच्या आठवणीत किती मुरते, आणि तिथून तो परत वाटेवर येऊ शकतो का, हे तीन प्रश्न नजरेच्या तीक्ष्णतेपेक्षा मोठे आहेत. या विषयाचा चार दशकांचा इतिहास याच प्रश्नांभोवती फिरला आहे. फक्त प्रत्येक पिढीला तो नव्याने सुरू झाल्यासारखा वाटला.

आधी साधा हिशेब करून पाहू. समजा, एखादा ट्रॅकर प्रत्येक फ्रेममध्ये ९९.९ टक्के खात्रीने बरोबर आहे, म्हणजे हजार फ्रेममध्ये सरासरी एकदा चुकतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका मिनिटाला १५०० फ्रेम होतात. प्रत्येक फ्रेममधली चूक स्वतंत्र मानली, तर हा ट्रॅकर एकदाही न चुकता मिनिट पार करण्याची शक्यता जेमतेम २२ टक्के येते. पाच मिनिटांना ती शून्यातच जमा. आता दोन ट्रॅकर कल्पू. दोघांचेही चुकण्याचे प्रमाण हेच. पहिला एकदा चुकला की कायमचा चुकतो, कारण त्याने भलतीच वस्तू आपली मानलेली असते. दुसऱ्याला चूक उमगते आणि तो सरासरी दोन सेकंदांत, म्हणजे ५० फ्रेममध्ये, मूळ वस्तूवर परत येतो. पाच मिनिटांच्या व्हिडिओत पहिला ट्रॅकर सरासरीने सुमारे १३ टक्के वेळच योग्य जागी असेल. दुसरा सुमारे ९५ टक्के. पहिल्याला केवळ नजर सुधारून दुसऱ्याच्या बरोबरीला यायचे असेल तर त्याला आपल्या चुका सत्तर पटींहून अधिक कमी कराव्या लागतील. एवढे करूनही व्हिडिओ तासाभराचा झाला की तो पुन्हा मागे पडेल आणि दुसरा होता तिथेच राहील. प्रत्यक्षातल्या चुका स्वतंत्र नसतात, त्या घोळक्याने येतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे कुठे दिसणार नाहीत. पण चिकटून राहणारी चूक आणि सुटणारी चूक यांत किती अंतर पडते याचा अंदाज त्यांतून येतो.

चूक का चिकटते, हे समजण्यासाठी १९८१ सालाकडे जावे लागेल. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ब्रूस लुकास आणि ताकेओ कानादे यांनी त्या वर्षी दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवण्याची एक पद्धत मांडली. वस्तूचा उजळपणा दोन फ्रेममध्ये फारसा बदलत नाही आणि वस्तू थोडीच सरकते, ही दोन गृहीतके तिच्या मुळाशी आहेत. पहिल्या फ्रेममधला तुकडा हा नमुना, म्हणजे टेम्पलेट, समजायचा आणि पुढच्या फ्रेममध्ये तो कुठे सर्वांत चांगला बसतो ते शोधायचे. अडचण अशी की वस्तूचे रूप बदलत राहते. माणूस वळला की चेहऱ्याच्या जागी पाठ येते आणि चेहऱ्याचा नमुना निरुपयोगी होतो. मग नमुना दर फ्रेमला ताजा करावा, हा उपाय सहज सुचतो. पण प्रत्येक फ्रेममध्ये चौकट एखाद्या पिक्सेलच्या अंशाने इकडेतिकडे होते, त्या अंशापुरती पार्श्वभूमी नमुन्यात शिरते, पुढच्या फ्रेमचा शोध त्या भेसळीच्या नमुन्याने होतो, आणि शंभर-दोनशे फ्रेमनंतर ट्रॅकर वस्तू सोडून शेजारच्या भिंतीला धरून बसलेला असतो. या भरकटण्याला अभ्यासक ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. त्यात कुठलीही एक चूक मोठी नसते. ट्रॅकर आपल्याच उत्तरांतून शिकतो आणि त्या उत्तरांना तपासणारे कोणी नसते, म्हणून लहान चुकांची बेरीज होत जाते. नमुना बदलला नाही तर तो शिळा होतो आणि सतत बदलला तर भरकटतो, अशी ही कोंडी आहे.

या कोंडीतून वाट काढणारा एक छोटा पण फार शहाणा उपाय त्याच विद्यापीठातल्या मॅथ्यूज, इशिकावा आणि बेकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. आधी ताज्या नमुन्याने वस्तू शोधायची. मग सापडलेली जागा अगदी पहिल्या फ्रेमच्या नमुन्याशी पुन्हा जुळवून पाहायची. दोन्ही उत्तरे जवळजवळ एकच आली तरच नमुना बदलायचा. फरक मोठा असेल तर आठवणीला हात लावायचा नाही. माग काढणारा जाणता माणूस पाऊल दिसेनासे झाले की शेवटच्या खात्रीच्या पावलापाशी खूण करतो आणि तिथूनच चहूकडे शोधतो. अंदाजाने पुढे चालत गेला तर परतायला जागाच उरत नाही, हे त्याला ठाऊक असते. पहिल्या फ्रेमचा नमुना हे ट्रॅकरचे तसे खात्रीचे पाऊल. या उपायाने ट्रॅकरची नजर काडीनेही सुधारलेली नव्हती. सुधारली होती ती शिकण्याविषयीची सावधगिरी, आणि तेवढ्याने तो अधिक काळ टिकला.

त्याआधीच दुसऱ्या बाजूने एक मोठे पाऊल पडले होते. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडलेल्या फिल्टरमध्ये वस्तूच्या जागेच्या अंदाजाबरोबर त्या अंदाजातली अनिश्चितताही मोजली जाते; पण त्यात अंदाज एकाच जागेभोवती पसरलेला असतो. वस्तू झाडामागे गेली आणि ती डावीकडून निघेल की उजवीकडून हे कळत नसेल, तर मधली जागा सांगणे हे सर्वांत वाईट उत्तर ठरते. ऑक्सफर्डचे मायकेल इसार्ड आणि अँड्र्यू ब्लेक यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कन्डेन्सेशन’ या नावाने जी पद्धत रूढ केली, तिच्यात एकाऐवजी अनेक शक्यता शेजारी शेजारी जिवंत ठेवल्या जातात आणि पुरावा येईल तसे त्यांचे वजन कमीजास्त होते. शंका आकड्यांत मांडता येते आणि ती लवकर मिटवण्याची घाई केली नाही तर गर्दीतूनही माग टिकतो, हे तिने दाखवले.

पुढच्या दशकात ट्रॅकर चालता चालता शिकू लागले. वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांत फरक करणारा वर्गीकारक व्हिडिओ चालू असतानाच घडवायचा, ही कल्पना पुढे आली आणि ड्रिफ्टचा प्रश्न जास्तच तीव्र झाला, कारण आता ट्रॅकर केवळ नमुना जपत नव्हता, तो आपल्या चुकांचे प्रशिक्षण घेत होता. या काळातली दोन कामे मला सर्वांत बोलकी वाटतात. पहिले झ्देनेक कालाल, क्रिस्टियान मिकोलाय्चिक आणि यिरी मातास यांचे ‘टीएलडी’. त्यात मागोवा घेणारा, स्वतंत्रपणे वस्तू शोधणारा आणि शिकणारा असे तीन भाग वेगळे केलेले आहेत. शिकणाऱ्याकडे दोन परीक्षक असतात: एक शोधणाऱ्याच्या नजरेतून काय निसटले ते दाखवतो, दुसरा त्याने कुठे खोटे ओळखले ते दाखवतो, आणि दोघे एकमेकांच्या चुका सावरतात. याच गटाने एक साधी कसोटीही दिली. एखाद्या बिंदूचा माग काही फ्रेम पुढे न्यायचा, मग तिथून उलटा मागे आणायचा. निघालो त्याच जागी परत आलो नाही तर तो माग फेकून द्यायचा. दुसरे काम २०१० सालचे, बोल्म आणि सहकाऱ्यांचा ‘मॉसे’ फिल्टर. सेकंदाला ६६९ फ्रेम हाताळणाऱ्या वेगासाठी तो गाजला. पण त्याच लेखात एक कमी चर्चिलेली गोष्ट आहे. फिल्टरच्या प्रतिसादात मुख्य शिखर आजूबाजूच्या उंचवट्यांपेक्षा किती उठून दिसते याचे एक गुणोत्तर त्यांनी मोजले. माग नीट चालू असताना ते साधारण २० ते ६० असते आणि ७ च्या आसपास उतरले की वस्तू आड गेली किंवा माग सुटला असे समजावे, असा त्यांचा अनुभव. तसे झाले की शिकणे थांबवायचे आणि वस्तू पुन्हा समोर येण्याची वाट पाहायची. वेगाइतकेच हे थांबणेही त्या ट्रॅकरच्या यशाचे कारण होते.

मग न्यूरल नेटवर्क आली आणि हा सगळा जुना विचार आता नको, असे काही काळ वाटले. २०१६ साली ऑक्सफर्डमधून आलेल्या ‘सायमएफसी’ने एक धक्का दिला, आणि तो माझ्या मुद्द्याला पूरक आहे. हा ट्रॅकर चालता चालता काहीच शिकत नाही. दोन तुकडे एकाच वस्तूचे आहेत का, एवढे तो आधी हजारो व्हिडिओंवर शिकून येतो आणि नंतर पहिल्या फ्रेमच्या नमुन्याला अखेरपर्यंत धरून राहतो. सतत शिकणाऱ्या अनेक ट्रॅकरना त्याने मागे टाकले आणि २०१७ च्या ‘व्हीओटी’ या ट्रॅकरच्या वार्षिक स्पर्धेत प्रत्यक्ष वेगाने चालण्याची कसोटी जिंकली. वाईट शिकण्यापेक्षा अजिबात न शिकणे बरे, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण. अर्थात न शिकण्याची किंमतही लगेच दिसली: रूप फार बदलले किंवा शेजारी तोतया उभा राहिला की तो फसायचा. तोतयाचा प्रश्न सोडवण्यासाठी पुढे ‘दासायमआरपीएन’ने अशा फसव्या वस्तूंवर मुद्दाम प्रशिक्षण दिले आणि २०२१ सालच्या ‘कीपट्रॅक’ने तर तोतयांचाही माग ठेवायला सुरुवात केली, कारण आपली वस्तू कोणती नाही हे माहीत असणे हीसुद्धा तिची ओळख आहे. कबड्डीतल्या सात खेळाडूंपैकी सहा जणांवर नजर असेल तर ढिगातून उठणारा सातवा ओळखणे बरेच सोपे होते.

सर्वांत अलीकडचा पुरावा मेटा कंपनीच्या ‘सॅम २’चा. जुलै २०२४ मध्ये आलेले हे मॉडेल प्रचंड माहितीवर घडवलेले आहे, आणि अलीकडच्या काही फ्रेमची आठवण जपून ते वस्तूचा नेमका आकार व्हिडिओभर आखत जाते. एवढ्या ताकदीपुढे ड्रिफ्टचा जुना आजार उरणार नाही, अशी अपेक्षा होती. तो उरला, आणि उरला तो आठवणीच्या भागात. अलीकडच्या फ्रेम खऱ्या की खोट्या हे न पाहता साठवल्या की वस्तू आड गेल्यावर तोतयाची आठवणही साठते. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन गटांनी जवळजवळ एकाच दिशेने उपाय सुचवला. ‘सामुराई’ने मूळ नेटवर्क नव्याने न शिकवता कोणती फ्रेम आठवणीत ठेवण्यालायक आहे याची निवड केली आणि त्यासाठी हालचालीचा अंदाज घ्यायला काल्मान फिल्टरच वापरला. ल्युब्ल्याना विद्यापीठातील व्हिडेनोविच, लुकेझिच आणि क्रिस्टान यांनी आठवणीचे दोन कप्पे केले: एकात वस्तूचे ताजे रूप, दुसऱ्यात तोतयापासून तिला वेगळे ओळखू देणाऱ्या फ्रेम. २०२४ चे अवाढव्य मॉडेल सुधारायला १९६० चा फिल्टर उपयोगी पडतो आणि २००४ चा सावध शिकण्याचा विचार पुन्हा सुचतो, तेव्हा नजरेच्या तीक्ष्णतेने हा प्रश्न सुटत नाही असे म्हणायला आधार मिळतो.

इतकी वर्षे हे ठळक का दिसले नाही, याचे एक कारण मोजपट्टीत आहे. सुरुवातीच्या चाचण्यांतले व्हिडिओ छोटे होते आणि वस्तू बहुतेक वेळ चौकटीत असायची. असल्या व्हिडिओत ‘वस्तू दिसत नाही’ असे सांगणाऱ्या ट्रॅकरला काहीच गुण मिळत नाहीत. गप्प राहण्यापेक्षा कुठेतरी चौकट आखणे फायद्याचे ठरते. ज्याचे गुण मिळतात तेच वाढते. मातेय क्रिस्टान यांच्या पुढाकाराने २०१३ पासून दरवर्षी होणाऱ्या व्हीओटी स्पर्धेने अचूकता आणि भक्कमपणा वेगवेगळे मोजून मोठे काम केले. पण तिच्या मूळ नियमांनुसार ट्रॅकर पूर्ण चुकला की पाच फ्रेमनंतर परीक्षकच त्याला पुन्हा योग्य जागी बसवून देत. चुकांची संख्या त्यातून नेमकी कळे. स्वतःहून परत येण्याची क्षमता मात्र मोजलीच जात नसे. पुढे २०१८ मध्ये वस्तू मध्येच नाहीशी होणाऱ्या लांब व्हिडिओंची वेगळी स्पर्धा आली, ट्रॅकरने आपल्या उत्तराबरोबर खात्रीही सांगावी अशी अट आली, आणि २०२० मध्ये मुख्य स्पर्धेतला पुन्हा बसवून देण्याचा नियमही गेला. त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या ‘ऑक्सयूव्हीए’ संचाने वस्तू नसताना ‘नाही’ म्हणण्याला उघड गुण दिले, आणि ‘लासॉट’ने सरासरी अडीच हजारांहून अधिक फ्रेमचे १४०० व्हिडिओ पुढे केले. पट्टी बदलल्यावर, छोट्या चाचण्यांत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले ट्रॅकर दूर दूर दिसू लागले.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येतो की माग ठेवण्याची गरजच काय? आता वस्तू ओळखणारी यंत्रणा इतकी चांगली आहे की प्रत्येक फ्रेममध्ये ताज्या नजरेने शोधावे; आठवणच नसेल तर ती बिघडणारही नाही. आक्षेप वजनदार आहे आणि माणसांच्या किंवा गाड्यांच्या गर्दीचा माग याच रीतीने घेतला जातो. पण ‘हा बचावपटू आहे’ हे सांगणे आणि ‘हा तोच बचावपटू आहे’ हे सांगणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्या उत्तराला इतिहास लागतोच. इतिहास टाकून दिल्याची किंमत १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतल्या टेम्पी शहरात दिसली. उबरच्या स्वयंचलित चाचणी-मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघालेली माहिती आपल्या विषयाला थेट लागू आहे. धडकेपूर्वी सुमारे ५.६ सेकंद यंत्रणेला ती दिसली होती. मात्र यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी नाव बदलले की आधीच्या जागांचा इतिहास बाद होई. त्यामुळे ती कुठे चालली आहे याचा अंदाजच उभा राहिला नाही. त्या मोटारीत व्हिडिओबरोबर रडार आणि लायडारही होते, पण चूक संवेदकांची नव्हती. दर वेळी ताजी नजर आणि पुसलेली आठवण, हेच तिथे घडले. वस्तूच्या नावाविषयी शंका आली म्हणून तिच्या असण्याविषयीची खात्री टाकून द्यायची नसते. कोणती आठवण पक्की आणि कोणती तात्पुरती, हे ठरवणे ट्रॅकरच्या कामातून वगळता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ट्रॅकरने स्वतःवर शंका घ्यावी हे ठीक, पण शंकेचे माप त्याच यंत्राकडून येते, आणि यंत्राचा आत्मविश्वास हाच भरवशाचा नाही. कॉर्नेल विद्यापीठातील ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की आधुनिक नेटवर्क आपल्या उत्तरांविषयी गरजेपेक्षा जास्त ठाम असतात. पुढे २०२० च्या सुमारास अनेक गटांनी डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म फेरफार व्हिडिओत मिसळून त्या काळच्या नामवंत ट्रॅकरना भलतीकडे नेऊन दाखवले. फसलेला ट्रॅकर आपण फसल्याचे सांगेल अशी आशा धरणे भोळेपणाचे आहे, हा मुद्दा मला मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र वेगळा आहे. आरोपीची साक्ष त्याच्याच विरुद्ध तपासायची तर दुसरा साक्षीदार हवा. माग उलटा चालवून पाहणे, हालचालीच्या नियमांशी पडताळणे, पहिल्या फ्रेमशी पुन्हा जुळवणे, तोतयांची यादी ठेवणे, या सगळ्या कसोट्यांचे बळ त्यांच्या वेगळेपणात आहे. दिसण्यावरून आलेले उत्तर हालचालीवरून आलेल्या उत्तराशी जुळत नसेल, तर नेटवर्क कितीही ठाम असो, आठवणीला हात लावू नये. नेटवर्क वाढवल्याने एक साक्षीदार जास्त हुशार होतो. साक्षीदारांची संख्या त्याने वाढत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: घुटमळणारा ट्रॅकर कोणाला हवा आहे? क्रिकेटमध्ये हा वाद मराठी वाचकांनी जवळून पाहिला आहे. २००१ साली लॉर्ड्सच्या कसोटीच्या प्रक्षेपणात ‘हॉक-आय’ पहिल्यांदा दिसले. जुलै २००८ मध्ये कोलंबोतल्या भारत-श्रीलंका कसोटीपासून पंचांच्या निर्णयांची फेरतपासणी सुरू झाली, आणि नंतर भारतीय मंडळाने तिला केलेला विरोध नोव्हेंबर २०१६ मध्ये राजकोटच्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीपर्यंत टिकला. चेंडूचा माग अनेक स्थिर कॅमेऱ्यांतून घेतला जातो, त्याचा रंग आणि आकार ठाऊक असतो, म्हणून हे काम कबड्डीच्या ढिगाहून पुष्कळ सोपे. तरीही पॅडवर आदळल्यानंतरची वाट कोणत्याच कॅमेऱ्याने पाहिलेली नसते, ती गणिताने पुढे ताणलेली असते. म्हणून चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्ट्यांना लागताना दिसला तर मैदानावरच्या पंचांचाच निर्णय राहतो. हा ‘अंपायर्स कॉल’ सचिन तेंडुलकर यांना पटलेला नाही. तंत्रज्ञान घ्यायचे तर चेंडू यष्टीला किंचित लागला तरी फलंदाज बाद द्यावा, असे त्यांनी २०२० मध्ये उघडपणे म्हटले. खेळाडूची ही चीड समजण्यासारखी आहे. पण तो नियम काढल्याने यंत्राची अनिश्चितता जाणार नाही, ती फक्त पडद्यावरून दिसेनाशी होईल. शिवाय शंका घेणे म्हणजे काम थांबवणे नव्हे. ट्रॅकर आपला सर्वोत्तम अंदाज दर फ्रेमला देत राहू शकतो. शंकेच्या वेळी त्याने थांबवायचे ते शिकणे, आणि वाढवायची ती शोधाची कक्षा. उत्तर द्यायचे की आठवणीत घालायचे, हे दोन निर्णय वेगळे आहेत. ते एकच मानले गेल्यामुळे सावध ट्रॅकरवर घुटमळण्याचा ठपका बसतो.

या मुद्द्याला प्रयोगशाळेबाहेरही अर्थ आहे. ट्रॅकरच्या चौकटीत उद्या माणसे असणार आहेत, आणि काही ठिकाणी ती आजच आहेत. गर्दीच्या चित्रणात एका माणसाभोवती सुरू झालेली चौकट वाटेत दुसऱ्याच माणसावर सरकली आणि कुठल्याही खुणेशिवाय पुढे चालत राहिली, तर पाहणाऱ्याला तो अखंड पुरावा वाटतो. पडद्यावरची चौकट खात्रीच्या फ्रेममध्ये जशी दिसते तशीच शंकेच्या फ्रेममध्ये दिसते. तिची रेघ जाड-बारीक होत नाही. त्यामुळे माग कुठे तुटला याची नोंद निकालाबरोबर देणे ही सोय नसून अशा यंत्रणेची किमान अट ठरते. कोणाचा माग घ्यावा आणि कोणाचा घेऊ नये हा प्रश्न कायद्याचा आणि लोकशाहीचा आहे, तो तंत्रज्ञानाने सुटणार नाही. पण घेतलेला माग कुठवर विश्वासार्ह आहे, हे सांगण्याची जबाबदारी यंत्र घडवणाऱ्यांचीच आहे.

या विषयात शिरणाऱ्या विद्यार्थ्याला नवनव्या नावांची आणि प्रत्येक नावापुढे एखाद्या टक्क्याने वाढलेल्या गुणांची रांग दिसेल. ती वाचताना प्रत्येक पद्धतीला चार प्रश्न विचारावेत, असे मी सुचवेन. ही पद्धत आठवणीत काय आणि केव्हा घालते? घातलेले चुकीचे ठरले तर ते बाहेर कसे काढते? तिची शंका कोणत्या स्वतंत्र पुराव्यावर उभी आहे? आणि वस्तू नसताना ती ‘नाही’ म्हणू शकते का? ज्या पद्धतीकडे या चारांची उत्तरे आहेत, ती आज गुणतक्त्यात चौथी असली तरी लांबच्या व्हिडिओत पुढे जाण्याची शक्यता जास्त आहे. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांचे गुण बहुधा व्हिडिओ लवकर संपल्यामुळे मिळालेले असतात. नजर तीक्ष्ण करण्याचे काम थांबवायचे नाहीच. कमी चुकणारा ट्रॅकर सर्वांनाच हवा आहे. मात्र हजारातली ती एक चूक होणारच, हे गृहीत धरून जो बांधला गेला, त्याच्याच हाती तासाभराचा व्हिडिओ सोपवता येईल.